चित्राला क्रिटा, अक्षराला इंकस्केप

परभणीत वसमत रोडला माझा चित्रकलेचा वर्ग आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं येतात. त्याशिवाय गोष्टींच्या पुस्तकांतली चित्रं, लग्नपत्रिका, जिल्हा परिषदेच्या शाळांच्या बोलक्या भिंतींची डिझाइनं असं माझं स्वतःचं काम चालू असतं आणि आता ते जवळजवळ सगळं लॅपटॉपवर होतं. त्यामुळे "मॅडम, चित्रं काढायला कुठलं सॉफ्टवेअर टाकू? फुकटातलं सांगा," हे मला सतत ऐकायला मिळतं. विचारणाऱ्यांत नववीतली मुलं असतात, फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागलेली पोरं असतात, मुलीला वर्गाला सोडायला येऊन स्वतःच शिकायला लागलेल्या आयाही असतात. दर महिन्याला भाडं भरून सॉफ्टवेअर वापरायची ऐपत यातल्या बहुतेकांची नाही, आणि तशी गरजही नाही.

माझं उत्तर आधीच सांगते. पेन्सिल, शाई, रंग यांची सवय असलेल्या हाताला चित्र काढायचं असेल तर क्रिटा. अक्षरं, लोगो, पत्रिकेचा मजकूर, कडा धारदार हव्यात असे आकार यांसाठी इंकस्केप. घरात फक्त फोन असेल तर आयबिसपेंट किंवा स्केचबुक ही अ‍ॅप. बाकीच्यांचीही मी दखल घेणार आहे, पण ज्यावर रोज हात बसलाय त्याबद्दल जास्त सांगणार.

निवडताना आपल्याकडे सुरुवातच चुकीच्या जागेवरून होते. "फोटोशॉपसारखं काय आहे?" असं विचारलं जातं. फोटोशॉप मुळात फोटोंच्या कामासाठी तयार झालं, चित्रकारांनी ते आपल्या सोयीनं वापरायला घेतलं. चित्रासाठी शोधताना 'चित्र काढायला काय आहे' असंच विचारावं. दुसरी गोष्ट, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून क्रॅक केलेली कॉपी टाकून घेऊ नका. ती चोरी तर आहेच, शिवाय त्या क्रॅकच्या फाइलसोबत मशीनमध्ये काय शिरेल याची हमी कुणी देत नाही. मुलांचे प्रकल्प, घरातले फोटो, बँकेची कामं, सगळं त्याच लॅपटॉपवर असतं. चांगली कायदेशीर साधनं फुकट असताना हा धोका घ्यायचं काहीच कारण नाही.

एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी मला विचारलं होतं, "फुकटचं हाय म्हणल्यावर चांगलं असंल का, मॅडम?" प्रश्न रास्त आहे, कारण फुकटातही दोन जाती आहेत. एक म्हणजे कंपनी आज फुकट देते आणि उद्या तिचं धोरण बदलू शकतं. स्केचबुकचंच बघा. ऑटोडेस्कनं २०१८ मध्ये ते सगळ्यांसाठी मोफत केलं, २०२१ मध्ये ते वेगळ्या कंपनीकडे गेलं, आणि आता फोनवर ते मोफत मिळतं पण विंडोजवरच्या आवृत्तीला पैसे पडतात. दुसरी जात क्रिटा, गिम्प, इंकस्केप यांची. यांचा सोर्स कोड खुला आहे, परवानाच असा आहे की कुणीही ते वापरावं, वाटावं, बदलावं. उद्या मूळ मंडळी थांबली तरी हातात असलेलं सॉफ्टवेअर कुणी काढून घेऊ शकत नाही. मी लहान मुलांना जे साधन हातात देते, त्याची सवय त्यांना पुढं वर्षानुवर्षं पुरावी असं मला वाटतं. म्हणून माझा कल दुसऱ्या जातीकडे आहे, आणि तो मी लपवत नाही.

क्रिटा हे केडीई या खुलं सॉफ्टवेअर करणाऱ्या समूहाचं काम. नेदरलँड्समध्ये क्रिटा फाउंडेशन नावाची संस्था आहे, ती देणग्या गोळा करून काही प्रोग्रामरना पगार देते, बाकीचे जगभरचे स्वयंसेवक. २०१४ आणि २०१५ मध्ये त्यांनी किकस्टार्टर या वेबसाइटवर लोकवर्गणी काढून मोठी कामं पुरी केली. मायक्रोसॉफ्ट स्टोअर आणि स्टीम या ऑनलाइन दुकानांत हेच सॉफ्टवेअर पैसे लावून ठेवलेलं दिसतं, तेव्हा पालक बिचकतात. त्यात फसवणूक काही नाही. तिथले पैसे क्रिटाच्या कामालाच जातात आणि त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून तेच पूर्ण सॉफ्टवेअर एक रुपया न देता मिळतं. कुठलीही सोय कापलेली नसते.

माझा लॅपटॉप जुना आहे. आय-थ्री, ८ जीबी रॅम, एसएसडी मागाहून बसवलेली. त्यावर क्रिटाची ५.२ आवृत्ती चालते. कागद किती मोठा घ्यायचा याचं भान ठेवलं तर अडत नाही. हे भान बहुतेकांना कुणी देत नाही, म्हणून आकडे देते. ए-फोर पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतं. त्याचा एक पूर्ण भरलेला लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, मेमरीत साधारण ३५ एमबी जागा घेतो. ए-थ्री घेतलं की तोच लेयर ७० एमबी. वीस लेयर केले की १,४०० एमबी, आणि अनडूची जागा वेगळीच. आता फ्लेक्सचा विचार करा. दहा बाय सहा फुटांचं फ्लेक्स ३०० डीपीआयला काढायला बसलात तर एकच लेयर ३ जीबीच्या वर जातो, मशीन तिथंच बसतं. फ्लेक्स लांबून बघायचं असतं. ७२ डीपीआयला तोच लेयर १८० एमबीच्या आसपास येतो आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला काडीचा फरक जाणवत नाही. शाळेच्या भिंतीसाठी तर मी ए-थ्रीच घेते. वरच्या लेयरवर चौकटी आखून प्रिंट काढली की पेंटर भिंतीवर त्याच प्रमाणात चौकटी आखून चित्र मोठं करतो. "सॉफ्टवेअर हँग होतं" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मुलाला मी आधी कागदाचं माप विचारते.

आता ब्रश. क्रिटाबद्दल मला मनापासून बोलायचंय ते इथं. गोष्टीच्या पुस्तकासाठी पोळ्याचं चित्र करत होते. एक देवणी, एक लाल कंधारी. देवणीच्या पांढऱ्या अंगावरच्या काळ्या डागांची कड तुटक, केसाळ असते. कंधारीचा तांबडा रंग मानेपाशी काळपटतो, पोटाखाली उजळतो. पोस्टर कलरमध्ये हे मी ओल्या ब्रशनं कड ओढून करते. क्रिटात कलर स्मज जातीचे ब्रश आहेत. ते खालचा रंग उचलतात आणि आपल्या रंगात मिसळत पुढं नेतात, पेन टॅबलेटच्या पेनावरचा दाब वाढवला की जास्त, कमी केला की कमी. त्या बैलाच्या मानेवर ब्रश फिरवताना माझ्या हाताला जुनी ओळख पटली. झूल, बाशिंग, शिंगांचा बेगड यांसाठी शाईसारखे कडक ब्रश वेगळे. सोबत येणाऱ्या ब्रशच्या संचात फ्रेंच चित्रकार डेव्हिड रेव्होय यांचं मोठं काम आहे आणि ते जाणवतं. काढणाऱ्यानं काढणाऱ्यासाठी केलेले ब्रश आहेत. उजवं बटण दाबलं की चित्रावरच एक गोल उघडतो, त्यात आवडते ब्रश आणि रंगाचं चक्र. नजर कागदावरून हलत नाही.

हात थरथरतो म्हणून निराश होणाऱ्या मुलांसाठी स्टॅबिलायझर आहे. रेघ पेनाच्या थोडी मागून, सावकाश येते आणि सरळ येते. सुरुवातीला तो लावा, पुढं कमी करत न्या. एम हे अक्षर दाबलं की सगळं चित्र आरशात बघितल्यासारखं उलटतं. चेहऱ्याचा एक डोळा वर गेलेला, घागर कललेली, हे सगळं त्या क्षणी डोळ्यात भरतं. कागदावर मी मुलांना चित्र खिडकीच्या काचेवर उलटं धरायला लावायची, त्याचंच हे काम.

लेयरमध्ये कलराइझ मास्क नावाची एक सोय आहे, ती पुस्तकांचं काम करणाऱ्यानं शिकूनच घ्यावी. शाईच्या रेघांचं चित्र तयार झालं की प्रत्येक भागावर त्या-त्या रंगाचा एक फटकारा द्यायचा. पागोट्यावर लाल, धोतरावर पांढरा, बैलावर तांबडा. क्रिटा रेघांचा अंदाज घेऊन तो-तो भाग भरतं, रेघेत बारीक फट असली तरी रंग सहसा बाहेर सांडत नाही. सपाट रंगाचं कंटाळवाणं काम यानं खूप हलकं होतं. जुन्या मशीनवर हिशेबाला थोडा वेळ लागतो, तेवढा द्यावा.

डब्ल्यू दाबून लागणारा रॅप-अराउंड मोड मी पैठणीच्या काठावर तपासला. एका नणंद-भावजयीच्या शिवणकामाच्या दुकानाला पिशव्यांसाठी पैठणीची नक्षी हवी होती. या मोडमध्ये कागद चारी बाजूंना स्वतःलाच जोडून पुढं पसरलेला दिसतो. उजव्या कडेवर मोराचं शेपूट काढलं की ते डाव्या कडेतून आत येतं. नारळी काठ, असावलीची वेल, बांगडी मोर, यांत एक घडी दुसरीला जिथं भेटते तिथं सांधा दिसता कामा नये. कागदावर हे साधायला मी ट्रेसिंग पेपर सरकवत बसायचे. इथं सांधा काढतानाच डोळ्यासमोर असतो. पैठण आपल्या मराठवाड्यातलं, काठ आपल्या आजीच्या पेटीतले. हे काम करताना मला जो आनंद झाला तो इतर कुठल्याच सॉफ्टवेअरनं दिला नाही, आणि माझ्या निवडीत त्याचा वाटा मोठा आहे. रांगोळीसाठी मल्टिब्रशही आहे. एक रेघ ओढली की आपण सांगू तितक्या दिशांना तीच उमटते. पाचवी-सहावीची मुलं तासभर त्यातून उठत नाहीत.

रंगांच्या पट्ट्या आपल्या आपण करून ठेवता येतात. माझी एक पट्टी अजिंठ्याची आहे. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळ आणि तो निळा लाजवर्द. मुलांना सहलीहून आल्यावर याच सहा रंगांत चित्र करायला लावते. रंगचक्रातले लाखो रंग समोर असले की मुलं भडक होतात. सहा दिले की विचार करतात.

लाईट जाणं आमच्याकडे रोजचं आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी आता नावाला. क्रिटा मधूनमधून स्वतः सेव्ह करत राहतं, आणि अचानक बंद पडलं तर पुन्हा उघडल्यावर ती प्रत परत देऊ का म्हणून विचारतं. तरी मी मुलांना कंट्रोल-ऑल्ट-एसची सवय लावते. त्यानं दर वेळी नव्या क्रमांकाची वेगळी फाइल तयार होते, जुनी तशीच राहते. गिऱ्हाईक चार दिवसांनी "ताई, आधीचंच बरं होतं" म्हणालं की या फाइली कामाला येतात.

क्रिटाचं दुखणं एकच, मजकूर. ५.२ मध्ये अक्षरं मांडायची आतली यंत्रणा त्यांनी नव्यानं लिहिली, जोडाक्षरं आधीपेक्षा नीट बसतात. पण मजकूर टाईप करायला या आवृत्तीत वेगळी खिडकी उघडते, तिथं लिहायचं, जतन करायचं, मग चित्रात कसं दिसतं ते बघायचं. एखादं शीर्षक असेल तर चालून जातं. लग्नपत्रिकेत आजोबांपासून किलबिलपर्यंत नावं असतात, तिथं हे सोसत नाही. म्हणून चित्र संपलं की मी त्याची पीएनजी फाइल करून इंकस्केपमध्ये नेते.

इंकस्केप हे व्हेक्टरचं सॉफ्टवेअर, म्हणजे पिक्सेलऐवजी रेघांचं गणित साठवणारं. सोडिपोडी नावाच्या जुन्या प्रकल्पातून २००३ मध्ये ते वेगळं झालं आणि १.० आवृत्ती २०२० मध्ये आली. मराठी मजकुरासाठी ते भरवशाचं आहे. मी नवा फॉन्ट घेतला की त्यात 'शेतकऱ्याच्या शाळेतली फुलं' एवढं टाईप करून बघते. त्यात ऱ्या आहे, श आहे, ल आहे. कित्येक फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात आणि आपल्या मुलांच्या पुस्तकात ते खटकतात, कारण अंकलिपीत त्यांनी वेगळं वळण गिरवलेलं असतं. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे आणि त्यात आपली वळणं आहेत. पुस्तकाच्या मजकुराला मी तोच घेते. पत्रिकेच्या छोट्या अक्षरांना 'एक टाइप' या मुंबईच्या मंडळींचा 'मुक्त' हा फॉन्ट स्वच्छ दिसतो. तोही मोफत.

ऑफसेटवाले आणि फ्लेक्सवाले आपल्याकडे कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरवर काम करतात आणि त्यांच्याकडे जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले फॉन्ट असतात. तुमचा फॉन्ट त्यांच्याकडे नसला तर मजकूर विस्कटतो. "ताई, कर्व्ह करून आणा, इकडं सगळे चौकोन दिसायलेत," असा फोन येतो. इंकस्केपमध्ये पाथ मेनूत ऑब्जेक्ट टू पाथ आहे, तेच हे कर्व्ह करणं. अक्षर मग अक्षर राहत नाही, आकार होतो, कुठल्याही मशीनवर तसंच दिसतं. कर्व्ह करण्याआधीची फाइल मात्र वेगळी जपून ठेवा. वधूच्या मामाचं नाव राहिलं असं शेवटच्या रात्री हमखास कळतं आणि आकार झालेल्या मजकुरात नाव घालता येत नाही. पीडीएफ करून दिली की कोरलमध्ये उघडते.

इंकस्केपच्या कॅलिग्राफी पेनाबद्दलही सांगायला हवं. पेनाचा दाब आणि कल दोन्ही त्याला कळतात आणि टोकाचा कोन आपल्या बोरूप्रमाणे ठरवता येतो. बोरूनं गिरवलेल्या हाताला त्यात शीर्षकं लिहायला मजा येते. रेघ थोडी गुळगुळीत होते, बोरूचा खरखरीतपणा येत नाही. तो हवा असेल तर मी सरळ कागदावर लिहून स्कॅन करते आणि ट्रेस बिटमॅपनं आकारात आणते. असलं शीर्षक फ्लेक्सवर कितीही मोठं केलं तरी फुटत नाही.

छपाईच्या रंगाचा मुद्दा फुकट सॉफ्टवेअरच्या बाबतीत जास्त विचारला जातो. पडद्यावरचा पोपटी आणि झगझगीत निळा कागदावर मरतो, कारण ऑफसेटच्या चार शाईंत तो बसतच नाही. हे महागड्या सॉफ्टवेअरमध्येही तसंच होतं. क्रिटात कंट्रोल-वाय दाबलं की छापल्यावर रंग कसा दिसेल त्याचा अंदाज पडद्यावर दिसतो. मोरपंखी कितपत मळणार ते आधीच कळतं आणि मी तो थोडा हिरव्याकडे सरकवते. क्रिटा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत, काम करू देतं आणि टिफ फाइल त्याच रंगपद्धतीत देतं. इंकस्केप इथं कमी पडतं. १.४ आवृत्तीपर्यंत त्याची पीडीएफ आरजीबीच, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीतच, असते; सीएमवायके प्रेसवाल्याला आपल्याकडे करून घ्यावं लागतं. काळा मजकूर चार शाईंत फुटून येऊ नये, निव्वळ काळ्यात यावा, एवढं त्याला मुद्दाम सांगायचं. छोट्या अक्षरांची धार त्यावरच अवलंबून असते.

गिम्पला लोक फुकटचं फोटोशॉप म्हणून आधी टाकतात. १९९५ मध्ये बर्कलीतल्या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं आणि मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० आवृत्ती आली. फोटो दुरुस्त करायला, जुन्या कागदाचे डाग काढायला ते उत्तम. ३.० मध्ये फिल्टर लावल्यावरही तो मागाहून बदलता येतो, ही चांगली भर आहे. चित्र काढायला मात्र मी ते सुचवत नाही. ब्रश आहेत, पण हात रमत नाही. मुलं फोनवर पेन्सिलच्या स्केचचा फोटो काढून आणतात, कागद करडा आलेला असतो. लेव्हल्स करून कागद पांढरा करायचा आणि कलर टू अल्फानं तो पांढरा उडवायचा, म्हणजे नुसत्या रेघा पारदर्शक लेयरवर राहतात आणि खाली रंग भरता येतो. ही दोन्ही कामं गिम्पमध्ये होतात तशी क्रिटातही होतात. फोटोंचं काम नसेल तर गिम्पवाचून अडत नाही.

मायपेंट हे छोटं, साधं सॉफ्टवेअर आहे. कागदाला कडाच नाहीत, जिकडं जाल तिकडं कागद. स्केचिंगच्या सरावाला छान. मशीन अगदीच जुनं असेल तर फायरअल्पाका बघा, हलकं आहे, जाहिराती दाखवतं. कॉमिकच्या चौकटी आखायच्या असतील तर मेडिबँगमध्ये त्याची तयार सोय आहे. प्रकाशकाकडून फोटोशॉपची पीएसडी फाइल आली आणि नुसती उघडून बघायची असेल तर फोटोपी ब्राउझरमध्येच उघडतं, आणि फाइल आपल्याच मशीनवर राहते. २०२५ च्या ऑक्टोबरपासून अ‍ॅफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअरही मोफत झालंय, कॅनव्हाचं खातं काढावं लागतं. ज्यांना पुस्तकाची पानं लावायची आहेत त्यांनी ते जरूर बघावं. कंपनीचं फुकट आणि खुलं फुकट यांबद्दल वर लिहिलंय ते त्यालाही लागू.

फोनवाल्यांना मी कमी लेखत नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांकडे लॅपटॉप नाही. शेतात कापूस वेचायला गेलेली आई संध्याकाळी परतली की फोन हातात येतो, तोही थोडा वेळ. त्यांच्यासाठी आयबिसपेंट. लेयर आहेत, स्टॅबिलायझर आहे, चित्र कसं घडलं त्याचा व्हिडिओ आपोआप तयार होतो आणि मुलं तो आजीला दाखवतात. काही ब्रश जाहिरात बघितल्यावर उघडतात, हे लहान मुलांसाठी मला आवडत नाही. त्यामुळे चौदाच्या आतल्या मुलांना मी स्केचबुक सांगते. पडदा स्वच्छ, मधे काही येत नाही. क्रिटा अँड्रॉइडवर आहे, पण ते मोठ्या टॅबलेटसाठी. फोनच्या पडद्यावर त्याची बटणं बोटाखाली सापडत नाहीत, तिथं ते टाकू नका. फोनवर बोटानं काढलेल्या चित्राचंही पुस्तक होऊ शकतं. फाइल पीएसडी करून पाठवली की मी ती लॅपटॉपवर क्रिटात उघडून पुढचं काम करून देते.

पेन टॅबलेटबद्दल एवढंच. पडद्याचा महागडा घेऊ नका. साधी पाटी, सहा बाय चार इंचांच्या आसपासची, शिकायला पुरते. हात बघायचा नाही, पडद्याकडं बघायचं, ही सवय आठवड्याभरात लागते. जोडल्यावर रेघ एकाच जाडीची येत असेल, दाब कळत नसेल, तर टॅबलेट परत करायला धावू नका. आधी कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर टाका. मग क्रिटाच्या सेटिंग्जमध्ये टॅबलेटचं पान उघडा. तिथं विनटॅब आणि विंडोजचं पॉइंटर इनपुट असे दोन पर्याय आहेत. जो लागलाय तो सोडून दुसरा निवडा, क्रिटा बंद करून पुन्हा उघडा. बहुतेक वेळा तिथंच काम होतं. त्याच पानावर दाबाचा आलेखही आहे. नाजूक हाताच्या मुलांसाठी तो थोडा वर उचलून ठेवा, म्हणजे हलक्या दाबालाही रेघ भरून येते. पाटीवर रेटून लिहिणारा मुलगा असेल तर खाली ओढा.